नायिका सात वर्षं एका पत्राची वाट पाहते, आणि घर म्हणे सावकाराचं!

पानगळ

पेशवाईच्या अखेरीची एक ऐतिहासिक प्रेमकथा वाचून संपली. ४१२ पानं, ३१ प्रकरणं. लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे म्हणून नाव देत नाही. धागा झोडपायला काढलेला नाही. त्यावर ८०० शब्दांचं परीक्षण लिहायचं आहे आणि नायिकेवरची चिडचिड सोडून त्यात दुसरं काही उतरत नाहीये, म्हणून विचारते.

कथानक असं. काळ १७९५ ते १८०२, गाव पुणे. नायिका ब्राह्मण सावकाराची एकुलती एक मुलगी, वय अठरा, अविवाहित. नायक पटवर्धन सरदारांकडचा शिलेदार. जात जुळते, घराणं जुळतं, पत्रिकासुद्धा जुळते (पान ६१). तो निजामाविरुद्धच्या खर्ड्याच्या मोहिमेवर जातो. तिथून जासुदाबरोबर (निरोप्याबरोबर) तिला पत्र पाठवतो. ते आत्याबाईंच्या हाती पडतं आणि त्या ते देवघरात, देव्हाऱ्याच्या मागे, सात वर्षं दडवून ठेवतात. उत्तर नाही म्हणजे नकार, असं समजून तो उत्तरेला निघून जातो. पत्रच नाही म्हणजे तो विसरला, असं समजून ती गच्चीवर उभी राहते. प्रकरण २७ मध्ये देव्हारा हलवताना पत्र सापडतं आणि १८०२ च्या दिवाळीत, पणत्यांच्या उजेडात, दोघं भेटतात.

नायिका 'बाणेदार' आहे असं मलपृष्ठावर छापलंय. "मी कुणाच्या हातची बाहुली नाही" हे वाक्य ती तीनदा उच्चारते (पान ३८, ९७, २०३). पण ३१ प्रकरणांत तिनं स्वतः ठरवून केलेल्या गोष्टी मोजल्या तर चार भरतात, आणि त्यातल्या तीन पुढच्याच प्रकरणात कुणीतरी मोडून काढतं. उरलेली एक म्हणजे रात्री घोड्यावरून साताऱ्याला जाणं. तिथं जाऊन ती रडते आणि परत येते.

प्रश्न दोन.
१) "त्या काळात बाईच्या हातात होतंच काय?" हा बचाव कितपत खरा मानायचा?
२) चूक काळाची कुठली, रचनेची कुठली आणि निव्वळ माझ्या आवडीनिवडीची कुठली, हे वेगळं कसं करायचं?

---

दप्तरखाना

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण दुसऱ्याचं निम्मं त्यातच आहे. बचाव खोटा आहे. बाईच्या हातात तलवार नव्हती, पण कागद, पैसा, नाती आणि बोभाटा होता. यातलं एकही हत्यार लेखकाला माहीत नाही, म्हणून त्यानं तिच्या हाती संवाद दिलेत.

सगळ्यात मोठं भोक त्या पत्राचंच आहे. घर सावकाराचं आहे ना? मग त्या घरात कागद वाटेत हरवतो ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार. हुंडी (परगावी पैसे द्यायला सांगणारी चिठ्ठी) हरवली की लिहिणारी पेढी तिची दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर तिसरी, ती परपेठ. पहिलीवर पैसे दिले गेले असतील तर पुढच्या बाद, असा मजकूर त्यांतच असायचा. म्हणजे 'उत्तर आलं नाही, कागद पोचला नसेल, दुसरा पाठवा' हा विचार त्या घरात रोज सकाळी दुकान उघडल्यावर होत होता. त्या घरातली मुलगी सात वर्षांत एकदाही "पत्र चुकलं असेल का?" असं मनाशीसुद्धा म्हणत नाही. ही नायिका सावकाराची नाहीच. सावकारी फक्त दागिने दाखवायला घेतलीय.

नायकाचंही तसंच. त्या काळातली पत्रं उघडून पाहा, सुरुवातच पोचपावतीनं होते: अमुक तारखेचं पत्र पावलं, मजकूर कळला. महत्त्वाचा मजकूर असला तर 'यापूर्वीं पत्र पाठविलें तें पावलेंच असेल' असं म्हणून तो पुन्हा लिहीत. एका पत्रावर आयुष्य टांगून कुणी उत्तरेला जात नसे.

बरं, पत्र खाजगी कसं? बोरूनं, मोडीत लिहिलेलं. शिलेदाराला लिहिता येत असेलच असं नाही. नसेल तर कुणा कारकुनानं लिहिलं, जासुदानं आणलं, इथं कुणीतरी वाचून दाखवलं. म्हणजे त्या पत्राबद्दल किमान तीन माणसांना ठाऊक आहे. आत्याबाईंनी कागद लपवला, ती तीन तोंडं कशी लपवणार? खरी कादंबरी तिथं होती. कारकुनाला काय हवंय, जासूद कुणाचा मिंधा आहे, हे शोधत जाणारी नायिका वाचायला किती मजा आली असती.

आता माणूस जिवंत आहे की नाही ते कळण्याचा मार्ग. पथकाची हजेरी असते, कारण हजेरीवर पैसे मिळतात. लढाईत पडलेल्याच्या बायकापोरांना सरकारातून नेमणूक होई, तिला बालपरवेशी म्हणत. म्हणजे कोण पडला आणि कोण परतला याची नोंद ठेवण्यात सरकाराचाही मतलब, सरदाराचाही, घरच्यांचाही. खर्ड्याला परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती होते. पटवर्धनांच्या कारकुनाकडे बापाच्या गुमास्त्याला (पेढीच्या नोकराला) पाठवायचं, एवढंच काम. अर्ध्या दिवसाचं. आणि लढाई ११ मार्च १७९५ ची. निजाम खर्ड्याच्या गढीत अडकला, लगेच तह झाला, मनुष्यहानी फारशी नाही. 'प्रेतांच्या राशींत त्याचा शोध लागेना' हे पुस्तकात असेल तर ते पानिपतातून उचललेलं आहे.

पानिपतावरून आठवलं, आणि हे लेखकाच्या नजरेतून कसं सुटलं देव जाणे. परत न आलेल्या माणसाची वाट पाहणारी बाई पुण्यानं नुकतीच पाहिलेली होती. सदाशिवरावभाऊ १७६१ च्या पानिपतावरून परत आलेच नाहीत. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही, १७८३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सवाष्णच राहिल्या. मध्ये भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, आणि १७७६ ला त्याला देहान्त शिक्षा झाली. हे सगळं नायिकेच्या आईच्या डोळ्यांदेखत घडलेलं. १७९५ च्या पुण्यात एखादी मुलगी 'मी वाट पाहीन' म्हणाली की पहिल्यांदा पार्वतीबाईंचं नाव निघणार, कुणी आदरानं घेईल, कुणी टोमण्यानं. आणि सात वर्षांनी दाढी वाढलेला माणूस दारात उभा राहिला की पहिला शब्द 'तोतया' निघणार. पुस्तकात ती त्याला पाठमोरा असतानाच ओळखते म्हणे?

---

पानगळ

पाठमोराच. 'चालण्याच्या ढबीवरून.' पान ३९८.

---

घोडनवमी

घोड्यापुरतं लिहितो.

पुणे-सातारा आजच्या रस्त्यानं सुमारे ११० किलोमीटर. वाटेत घाट, नीरा ओलांडायची. घोडा चालीनं तासाला ६-७ किलोमीटर जातो, दुडकीनं १२-१३. भरधाव हा प्रकार थोड्या किलोमीटरांपुरता, मग तो फुटतो. चाल आणि दुडकी आलटून-पालटून, मध्ये खोगीर सैल करून, पाणी पाजून, तोबरा लावून, काळोखात घाटरस्त्यानं, सवय नसलेला स्वार पाठीवर घेऊन एका रात्रीत ५०-६० किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. कसलेला स्वार आणि वाटेत बदली घोडे असतील तर गोष्ट वेगळी. इथं घोडा एकच, आणि ती पहाटेला साताऱ्यात. शिवाय दुसऱ्या दिवशी ती बसते, उठते, जिने चढते. पहिल्यांदाच दहा तास खोगिरावर बसलेल्या माणसाच्या मांड्या आतून सोलून निघतात. दोन दिवस पाय फाकूनच चालावं लागतं.

चांदण्याचं काय लिहिलंय? 'टिपूर चांदणं' असणार, पैज. खर्ड्याची लढाई फाल्गुन वद्यातली. बातमी पुण्यात पोचायला तीन-चार दिवस धरले तर चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार, तोही कोरीकडे झुकलेला. ऐतिहासिक लिहिणाऱ्यानं इंग्रजी तारखेशेजारी तिथी लिहून ठेवली की अशा चुका आपोआप टळतात. (पुस्तकात शक १७१७ दिलं असेल तर तेही चूक. पाडवा व्हायचा होता, शक १७१६.)

पण खरा घोळ वेगळाच. घोडा नायकानं तिला 'आठवण म्हणून' दिलेला आहे ना? शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारी नाही तर सरदाराचा. शिलेदाराची सगळी पत त्या जनावरावर असते. घोडा मेला की शिलेदाराचा बारगीर झाला. मोहिमेच्या तोंडावर कुणी शिलेदार आपला घोडा प्रेयसीला आठवण म्हणून देणार नाही. अंगठी देईल. फारच जीव असेल तर शेला.

आणि बाई घोड्यावर बसली यात अशक्य काहीच नाही, ते मात्र लिहू नका. शिंदे-होळकरांच्या बायका बसत. सावकाराच्या घरात घोड्याला खरारा करणारा मोतद्दार असतो, त्याला न कळता जनावर तबेल्यातून निघत नाही, एवढंच.

---

नऊवार

दप्तरखाना, जोरदार प्रतिसाद. मी लग्नाच्या वयापासून सुरू करते, कारण नायिका चीड का आणते याचं मूळ मला तिथं दिसतं.

१७९५ मध्ये ब्राह्मण सावकाराची अठरा वर्षांची अविवाहित मुलगी म्हणजे घरावर बहिष्कार. आठ-दहाव्या वर्षी लग्न उरकायचं, न्हाण आलं की फलशोभन आणि मग सासरी. अठराव्या वर्षी ती एका-दोघांची आई असती. लेखकानं तिला अठराची आणि कुमारिका ठेवली, आणि त्याबद्दल पुस्तकात कुणीही ब्र काढत नाही! म्हणजे ज्या गोष्टीनं घरात रोज आग लागली असती ती नाही, आणि भांडण कशावरून, तर हरवलेल्या पत्रावरून. जात जुळते, पत्रिका जुळते, मग अडलंय कुठं? प्रेमकथेत अडथळा खरा नसला की नायिका उगाचच रडते असं वाटतं, आणि ते तसंच असतं.

त्या काळात बसणाऱ्या वाटा होत्या.

एक, लग्न झालेलंच आहे. नवव्या वर्षी, याच मुलाशी. तो मोहिमांवर, ती माहेरी. मुंडावळ्यांतला तो मुलगा तिला आठवतही नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज निघायची, पावसाच्या तोंडावर परतायची, उत्तरेत गेलेली तर वर्षानुवर्षं नाही. असा नवरा परत येतो आणि दोन अनोळखी माणसं एका खोलीत. यापेक्षा चांगली प्रेमकथा कुठली? आणि घर भरलेलं, म्हणजे बोलायला एकांत नाही. दोन शब्द बोलायचे तर माजघर आणि ओसरी यांच्यामधला जिना, तोही सासूबाईंचा डोळा लागल्यावर.

दोन, ती बालविधवा. अडथळा भरभक्कम, पण ब्राह्मण घरात लग्नानं शेवट गोड होऊ शकत नाही. कायदा व्हायला १८५६ उजाडावं लागलं. वाचकाला गोड शेवट हवा असेल तर ही वाट बंद.

तीन, ब्राह्मण घर सोडा. पाट (बाईचं दुसरं लग्न) चालणाऱ्या जातीत घ्या, कुणबी पाटलाचं घर, माळ्याचं घर. काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट लावता येत होता, आणि सरकार त्यावर पाटदाम नावाची पट्टीही घेई. कुलीन म्हणवणाऱ्या मराठ्यांत मात्र पाट कमीपणाचा. या तीन-चार गोष्टींच्या फटींतून वाट काढणारी नायिका आपोआप हुशार दिसते. तिला 'बाहुली नाही' असं तोंडानं सांगावं लागत नाही.

आता भाषा. "मी कुणाच्या हातची बाहुली नाही" हे विसाव्या शतकातलं नाटकी वाक्य. 'व्यक्तिमत्त्व' वगैरे शब्द इंग्रजी शिक्षण आल्यावर घडले. त्या काळची माणसं मर्जी, इभ्रत, तजवीज, मसलत, भीड, लोभ, ममता या शब्दांत बोलत. आणि ती त्याला चारचौघांत नावानं हाक मारते, हो ना? नवऱ्याचं नाव उखाण्यात, एरवी नाही. एरवी 'इकडून येणं झालं का?', 'स्वारी कधी आली?' असं. ज्याचं नाव घेता येत नाही, ज्याला सरळ 'तुम्ही'सुद्धा म्हणता येत नाही, त्याच्याशी भांडायचं कसं, हे लिहून बघावं एकदा. सगळा राग असा आडवळणानं काढायचा: 'इकडून विसरणं झालं असेल.' या चार शब्दांत जेवढी धार आहे तेवढी त्या तिन्ही भाषणांत मिळून नाही.

शृंगाराची भाषा नव्हती म्हणाल तर तेही नाही. राम जोशी, होनाजी, अनंत फंदी याच काळातले. लावणीत बाई नवऱ्याच्या विरहावर मनसोक्त बोलते. फक्त ती लावणी सोवळ्या माजघरात म्हटली जात नव्हती. नायिकेला ती कुठून ऐकू आली, यावर एक अख्खं प्रकरण झालं असतं.

स्वयंपाकघर पटकन: चहा नाही, बटाटा नाही, उपासाला साबुदाणा नाही (वरी, राजगिरा घ्या), काडेपेटी तर नाहीच, गारगोटी आणि चकमक. मिरची चालेल.

आणि ती जिवाला जीव देणारी दासी. मोठ्या घरांत कुणबिणी असत, त्या विकत घेतलेल्या असत, त्यांच्या किमतीचे कागद आहेत. 'माझी सखी' म्हणून तिच्या गळ्यात पडणारी नायिका त्या कागदाकडे कधी बघत नाही. माझी सगळ्यात जास्त चिडचिड इथं झाली असती.

---

उलटतपासणी

थोडा विरोध नोंदवतो. तुम्ही सगळे तपशिलाच्या चुका नायिकेच्या खात्यावर लिहिताय. चहा प्यायल्यानं कुठलीही नायिका वाईट होत नाही. तिथी बरोबर, घोडा बरोबर, बटाटा हद्दपार, आणि तरीही वैताग आणणाऱ्या नायिकांनी कपाटं भरलीत. उलट काळाचं भान ढिलं असूनही शेवटपर्यंत धरून ठेवणाऱ्या नायिका आहेतच. तेव्हा रचना वेगळी तपासा.

माझ्या मते बिघाड ४१२ पानांतल्या वजनाच्या वाटणीत आहे. पत्र कुठल्या प्रकरणात लपवलं जातं? सातव्यात ना? वाचकाला ते तेव्हाच दाखवलं. सापडतं सत्ताविसाव्यात. म्हणजे वीस प्रकरणं वाचकाला जे ठाऊक आहे ते नायिकेला नाही, आणि ते शोधण्यासाठी ती बोटही हलवत नाही. अशा वेळी वाचक तिच्याहून शहाणा होऊन बसतो. एखाद-दोन प्रकरणं त्याची गंमत वाटते, नंतर कीव, नंतर राग. लपवलेलं पत्र ही युक्ती वाईट नाही. दोनांतलं एक करायला हवं होतं. एक तर वाचकालाही अंधारात ठेवा, म्हणजे तोही तिच्याबरोबर हेलपाटे घालील. किंवा तिला दहाव्या-बाराव्या प्रकरणात संशय येऊ द्या आणि पंधराव्यात पत्र सापडू द्या. उरलेला अर्धा भाग 'आता हे कळलं, पण वेळ गेली, मग काय करू' यावर. तिथं ती खरोखर काहीतरी गमावण्याची शक्यता येते.

गैरसमजाची साधी चाचणी: दोघांना एका खोलीत कोंडून दोन मिनिटं बोलू दिलं तर गोष्ट संपते का? संपत असेल तर अडथळा कच्चा. मग बोलण्याची किंमत वाढवावी लागते. खरं सांगितलं तर बापाची पेढी बुडेल, भावाचं लग्न मोडेल, असं काहीतरी.

आणि बाई निष्क्रिय असली तर चालतं, हेही नोंदवून ठेवा. गच्चीवर उभी राहणारी बाई जर खालच्या रस्त्यावरचं सगळं अचूक टिपत असेल, कोण कुणाकडे किती वेळा गेला याचा हिशेब डोक्यात ठेवत असेल, तर ती उभी राहूनच कादंबरी ओढून नेईल. इथं ती काय पाहते? चंद्र. तोही पंचांगाबाहेरचा, घोडनवमींच्या कृपेनं कळलं.

---

दप्तरखाना

'बोलण्याची किंमत' हा मुद्दा मान्य. पण ती किंमत काळाच्या तपशिलातूनच येते, म्हणून दोन्ही वेगळं काढता येत नाही असं माझं म्हणणं. उदाहरण याच पुस्तकाचं. १७९८ च्या प्रकरणात काय चाललंय?

---

पानगळ

१७९८ म्हणजे प्रकरण १६-१७. आमराईत आंब्यांची मेजवानी, वडील दुसरं स्थळ आणतात, ती उपवास करते, स्थळ परत जातं.

---

दप्तरखाना

म्हणजे बघा. १७९७ च्या शेवटच्या दिवशी नाना फडणीस कैद झाले. पुढचे महिने पुण्यातल्या सावकारांवर कहर होता. दौलतराव शिंद्यांना फौजेच्या पगारासाठी पैसा हवा होता आणि त्यांचे सासरे सर्जेराव घाटगे तो पैसेवाल्यांना धरून, छळ करून वसूल करत होते. सावकाराची एकुलती एक मुलगी, १७९८, पुणे, आणि ती स्थळ नको म्हणून उपवास करतेय! बाप धरून नेला जाऊ शकतो. वह्या कुठं लपवायच्या, रोकड कुठल्या गावच्या गुमास्त्याकडे हुंडीनं काढायची, चांगला अंकुशी रुपया द्यायचा की बट्ट्याचा, कमी मोलाचा, गळ्यात मारायचा, आपलं स्त्रीधन पुढं करायचं की नाही, हे सगळं तिच्यापर्यंत येतं. शिलेदाराला शोधण्यासाठी गुमास्ता पाठवला तर पेढीची माणसं कुठं आहेत ते उघडं पडेल. हा घ्या तुमचा 'न बोलण्याला' सबळ मुद्दा, फुकट, इतिहासानं हातावर ठेवलेला.

त्याच वर्षी महादजी शिंद्यांच्या विधवा दौलतरावांविरुद्ध उठल्या, फौज त्यांच्या बाजूला गेली आणि दोन वर्षं लढाई चालली. 'बाईच्या हातात होतंच काय' याचं उत्तर नायिकेच्या घरापासून दोन कोसांवर वानवडीच्या छावणीत पेटलेलं होतं.

आणि शेवट. १८०२ ची दिवाळी, पणत्या, शांत पुणे. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरे बाजीराव पेशवे पळाले ते वसईला. त्या दिवशी पुण्यात तोफा ऐकू येत होत्या. लेखकानं भेटीसाठी सात वर्षांतला नेमका हा सण निवडला. योगायोगानं सगळ्यात चांगला दिवस निवडला आणि त्याला ते कळलंच नाही. पळत्या फौजेतून एक जखमी शिलेदार शहरात शिरतोय आणि सगळ्या वाड्यांची दारं आतून बंद आहेत. दार उघडायचं की नाही, तो तोच आहे की तोतया, हे ठरवायचं तिनं. हवे होते ते निर्णय एका रात्रीत मिळाले असते.

---

घोडनवमी

हे वाचून पुस्तक विकत घ्यावंसं वाटायला लागलं. न लिहिलेलं.

---

पानगळ

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. आत्याबाईंनी पत्र जाळलं का नाही? पुस्तकात कारणच नाही. आणि ८०० शब्दांत हे बसवायचं कसं? एवढ्या चुका ओळीनं मांडल्या तर परीक्षण म्हणजे शुद्धिपत्रक होईल.

---

नऊवार

जाळलं नाही याला एक कारण चालू शकतं: कागद उद्या उपयोगी पडेल. आत्या विधवा, भावाच्या घरात आश्रित. घरातल्या मुलीचं परपुरुषाशी पत्र म्हणजे भावाला धाकात ठेवायचं साधन. तिच्याजवळ दुसरं आहे काय? लेखकानं तिला नुसती खाष्ट ठेवली. खरं तर अख्ख्या पुस्तकात काहीतरी ठरवून करणारी आणि ते सात वर्षं निभावणारी बाई तीच आहे. परीक्षणात हे जरूर लिहा.

---

उलटतपासणी

माझी मांडणी अशी असती. पहिले १०० शब्द कथानक, पत्र लपवल्याचं सांगा, सापडतं ते सांगू नका. मग एकच प्रसंग जवळून घ्या, पत्राचा, ३०० शब्द. त्यातच पेठ-परपेठ येऊ द्या, म्हणजे काळाची चूक आणि रचनेची चूक एकाच ठिकाणी दिसते. मग १७९८ आणि १८०२ मिळून २०० शब्द. नऊवार म्हणतात ती आत्या १००. उरलेल्या १०० त लेखकाला जे जमलंय ते, काहीतरी जमलं असेलच. चहा, बटाटा, काडेपेटी, चांदणं सगळं एका वाक्यात उरका किंवा सोडूनच द्या. लेखकाला ती यादी खाजगीत पाठवा, दुसऱ्या आवृत्तीत कामी येईल.

'मला नायिका आवडली नाही' हे वाक्य कुठंही नको. चार निर्णय आणि तीन वेळा तेच वाक्य, पान क्रमांकांसकट, एवढं ठेवलंत तर वाचक आपण होऊन समजेल.

---

पानगळ

जमलंय ते आहे एक. पान १४४ वर वडील दिव्याशी वही उघडून बसलेत, व्याज मोजता मोजता थांबतात आणि एका कुळाच्या नावापुढे काहीच न लिहिता पान उलटतात. त्या माणसाचा मुलगा खर्ड्याला पडलेला असतो. अर्धं पानच आहे, पण नीट लिहिलंय. नायिका तेव्हा गच्चीवर असते.